रोजच्या कामात देवाचे सान्निध्य

ख्रिस्ती धर्मविचारात देव हा माणसाला नावाने हाक मारणारा, त्याचे बोलणे ऐकून घेणारा आणि त्याच्या प्रेमाची वाट पाहणारा पिता मानला आहे. त्यामुळे या परंपरेत श्रद्धेला नात्याचे रूप येते, आणि कोणत्याही नात्याला लागतो तसा वेळ, लक्ष आणि निष्ठा तिलाही द्यावी लागते. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात निरंतर प्रार्थना करण्याचा उपदेश आहे. परंतु शेती, नोकरी, घर, मुलेबाळे आणि आजारपणे यांत दिवस घालवणाऱ्या सामान्य ख्रिस्ती माणसाने हा उपदेश पाळायचा कसा, हा प्रश्न पहिल्या शतकापासून आजतागायत विचारला गेला आहे. त्याला मिळालेली उत्तरे निरनिराळ्या देशांतली आणि पंथांतली असली, तरी त्यांच्या मुळाशी एक समान जाण दिसते : माणूस देवाला वारंवार विसरतो हे साधनेने आधीच गृहीत धरले आहे, आणि विसर पडल्यावर निराश न होता पुन्हा देवाकडे वळणे यालाच तिने साधनेचा गाभा मानले आहे.

या जाणिवेचा आधार 'कृपा' या कल्पनेत आहे. कृपा म्हणजे माणसाच्या पात्रतेवर अवलंबून नसलेले, देवाने आपणहून दिलेले देणे. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात सर्व संपत्ती उडवून परतणारा मुलगा क्षमायाचनेचे शब्द मनात जुळवत घराकडे येत असतो, पण तो दूर असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. नात्याचा आरंभ देवाकडून होतो आणि माणसाची साधना ही त्या प्रेमाला दिलेली साद असते, असे ख्रिस्ती शिकवण सांगते. म्हणूनच प्रार्थना, उपवास किंवा शास्त्रवाचन यांनी देवाची मर्जी विकत घेता येत नाही; जे प्रेम अगोदरच मिळालेले आहे, त्याकडे मन उघडे ठेवण्याचे हे मार्ग आहेत.

दिवसाला दिलेली लय

विसराळू मनाला परतण्याची आठवण कशी राहावी, याचा पहिला उपाय म्हणून चर्चने दिवसाची विभागणी केली. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा असा सामूहिक प्रार्थनेचा क्रम ठरवून दिला होता, आणि हातातले काम बाजूला ठेवून प्रार्थनेला येण्याइतकेच अंगमेहनतीच्या कामालाही तिच्यात महत्त्व होते. ज्यांना मठातले जीवन शक्य नव्हते, त्या प्रापंचिकांसाठी पुढे सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी तीन वेळा म्हणायची 'आंजेलूस' ही छोटी प्रार्थना रूढ झाली. तिचा विषय देहधारण हा आहे, म्हणजे देवाच्या पुत्राने मानवी देह स्वीकारून माणसांत वस्ती केली, ही ख्रिस्ती श्रद्धेतील मध्यवर्ती घटना. गोव्यातील आणि वसईतील कॅथलिक घरांना संध्याकाळची घंटा, तिच्यासोबतची ही प्रार्थना आणि नंतर कुटुंबाने एकत्र बसून म्हटलेली रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, यांची ओळख कित्येक पिढ्यांपासून आहे. येथे प्रार्थना काही मिनिटांची असली, तरी तिच्या ठरलेल्या वेळेमुळे सगळ्या दिवसाला एक दिशा मिळते.

स्वयंपाकघरातील साधक

ठरलेल्या वेळांच्या मधला काळ, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा काळ, देवाच्या सान्निध्यात कसा घालवावा, याचे सर्वांत सोपे आणि सर्वांत सखोल उत्तर सतराव्या शतकातील एका फ्रेंच धर्मबंधूने आपल्या जगण्यातून दिले. त्याचे मूळ नाव निकोला एर्मां. लॉरेन प्रांतात एका साध्या घरात जन्मलेला हा तरुण सैन्यात गेला, युद्धात जखमी होऊन कायमचा लंगडा झाला, काही काळ त्याने घरगुती नोकरी केली, आणि १६४० मध्ये तो पॅरिसमधील अनवाणी कार्मेल संघाच्या मठात दाखल झाला. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये संत तेरेसा यांनी केलेल्या सुधारणेतून संघाची ही शाखा निर्माण झाली होती, आणि स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांमध्येही प्रभूचा वावर असतो, ही शिकवण तेरेसा यांनी आपल्या भगिनींना आधीच देऊन ठेवली होती. धर्मगुरू होण्याइतके शिक्षण नसल्याने निकोलाला सेवेकरी धर्मबंधूचे स्थान मिळाले; 'पुनरुत्थानाचा लॉरेन्स' हे नवे नाव आणि मठाच्या स्वयंपाकघरातले काम त्याच्या वाट्याला आले.

स्वयंपाकाची त्याला मुळात नावड होती, तरीही सुमारे पंधरा वर्षे त्याने ते काम केले आणि पुढे पाय साथ देईनासा झाल्यावर तो मठवासीयांच्या चपला शिवू लागला. आरंभीची सुमारे दहा वर्षे त्याला आपल्या तारणाविषयी, म्हणजे आपण देवाला स्वीकार्य आहोत की नाही याविषयी, तीव्र चिंतेने ग्रासले होते. ठरावीक पायऱ्यांनी करायचे ध्यान त्याला जमत नव्हते. शेवटी त्याने सर्व पद्धती बाजूला ठेवल्या आणि देव येथे, याच क्षणी आपल्याजवळ आहे, या एकाच जाणिवेकडे मन पुन्हा पुन्हा आणण्याचा सराव केला. काम हाती घेताना देवाशी दोन शब्द बोलावे, काम चालू असताना मधूनमधून मन त्याच्याकडे वळवावे, आणि काम संपल्यावर ते कसे झाले हे पाहून चांगल्याबद्दल आभार व चुकल्याबद्दल क्षमा मागावी, इतकीच त्याची रीत होती. मन भरकटल्याचे लक्षात आले की तो स्वतःला दूषणे देत बसत नसे. आपल्या बळावर आपल्याकडून हेच घडणार, अशी देवापाशी कबुली देऊन तो शांतपणे कामाला लागे. कालांतराने प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला भेद उरला नाही.

ब्रदर लॉरेन्सने ग्रंथ लिहिला नाही. १६९१ मध्ये त्याचे निधन झाल्यानंतर जोसेफ द बोफोर या धर्मगुरूने त्याच्याशी झालेले संवाद आणि त्याची थोडी पत्रे एकत्र करून छापली. अवघ्या काही पानांचे हे लेखन पुढे इंग्रजी भाषांतरांमुळे प्रॉटेस्टंट वाचकांतही पोहोचले आणि आज ते कोणत्याही एका पंथाचे राहिलेले नाही.

दिवसाचा हिशेब

लॉरेन्सची रीत मोकळी आहे, तर येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी 'आध्यात्मिक साधना' या १५४८ मध्ये छापलेल्या पुस्तकात घालून दिलेली आत्मपरीक्षणाची पद्धत शिस्तबद्ध आहे. तिच्या पाच पायऱ्या आहेत : मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानणे, स्वतःचे दोष ओळखता यावेत म्हणून कृपा मागणे, दिवस तासातासाने डोळ्यांपुढून नेणे, चुकांची क्षमा मागणे आणि देवाच्या साहाय्याने सुधारणेचा निश्चय करणे. या क्रमात आभार आधी आणि दोष नंतर येतात, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण दिवसाची सुरुवात देवाच्या देण्याने झाली होती हे ध्यानात आल्यावरच माणूस आपल्या चुकांकडे भीती न बाळगता पाहू शकतो. कार्यालयातून परतणाऱ्याला लोकल गाडीत किंवा गृहिणीला झोपण्यापूर्वीच्या पंधरा मिनिटांत ही साधना करता येते.

शब्द अंगी मुरावा म्हणून

देवाशी बोलणे जितके आवश्यक, तितकेच त्याचे ऐकणेही आवश्यक आहे, आणि ख्रिस्ती माणूस हे ऐकणे प्रामुख्याने पवित्र शास्त्रातून करतो. बाराव्या शतकातील मठाधिपती दुसरा गिगो याने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि शब्दांच्या पलीकडचे निवांत दर्शन. येथे किती अध्याय वाचून झाले याला महत्त्व नसते. एखादे वचन मनात घोळत राहावे आणि त्यातून दिवसाच्या प्रश्नावर प्रकाश पडावा, हा हेतू असतो.

असे मनन परक्या भाषेत सहसा खोल जात नाही, हे मराठी ख्रिस्ती परंपरेने फार लवकर ओळखले. १५७९ मध्ये गोव्यात आलेले येशूसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती लोकांसाठी सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. जी माणसे पुराणश्रवणात वाढली होती, त्यांना ख्रिस्ताची कथाही ओवीतच मिळाली. तीन शतकांनंतर नारायण वामन टिळकांनी हेच कार्य पुढे नेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने संतांच्या भक्तीचा वारसा ख्रिस्ताच्या चरणी आणला, आणि त्यांची गीते 'उपासना संगीत' या संग्रहातून मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आजही गायली जातात. तोंडपाठ असलेले गीत कामाच्या धावपळीतही ओठांवर येते, त्यामुळे पुस्तक जवळ नसताना परतण्याची वाट तेच दाखवते.

कोरडेपणा आणि कसोटी

एवढे करूनही प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, असे काळ प्रत्येक श्रद्धावंताच्या आयुष्यात येतात. अध्यात्माचे लेखक याला कोरडेपणा म्हणतात. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली खासगी पत्रे वाचून अनेकांना धक्का बसला, कारण सेवेत बुडालेल्या या स्त्रीने कित्येक दशके देवाच्या अनुपस्थितीची वेदना सोसली होती. तरीही त्यांनी पहाटेची प्रार्थना सोडली नाही आणि मरणासन्नांची शुश्रूषाही थांबवली नाही. देवाशी असलेल्या नात्याची खोली भावनेच्या भरतीवरून मोजता येत नाही, हे त्यांच्या जीवनाने ठळकपणे दाखवून दिले.

मग कसोटी कोणती? योहानाच्या पहिल्या पत्राचे उत्तर निःसंदिग्ध आहे : डोळ्यांसमोर असलेल्या बंधूवर जो प्रेम करत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रेम करता येत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर ख्रिस्त भुकेल्यांशी, परक्यांशी, आजाऱ्यांशी आणि बंदिवानांशी स्वतःला एकरूप करतो. ज्या प्रार्थनेने माणूस घरच्यांशी अधिक सौम्य, हाताखालच्यांशी अधिक न्यायी आणि गरजूंच्या बाबतीत अधिक तत्पर होत नाही, त्या प्रार्थनेत कोठेतरी उणीव राहिली आहे, असे ही परंपरा स्पष्टपणे सांगते.

म्हणून ज्याला या वाटेवर आरंभ करायचा आहे, त्याने मोठे संकल्प करण्याची गरज नाही. सकाळी शास्त्रातील एक छोटा उतारा, दिवसभरात कामाच्या आरंभी आणि शेवटी देवाला उद्देशून एक वाक्य, रात्री आभारापासून सुरू होणारे आत्मपरीक्षण आणि रविवारी मंडळीसोबत उपासना, एवढी चौकट पुरेशी आहे. ती मोडेल, अनेकदा मोडेल. परंतु मोडल्यानंतर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उभी करणे हाच साधनेचा सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण आपल्या चिकाटीपेक्षा देवाची निष्ठा मोठी आहे, हे ख्रिस्ती माणूस अशा प्रत्येक परतण्यातून शिकत जातो.