आतला प्रभार, बाहेरचा हिशोब

सरळ कोसळणाऱ्या पावसात चाळणी आडवी धरली तर तिच्यातून भरपूर पाणी जातं, उभी धरली तर जवळपास नाहीच. विद्युत अभिवाहाचंही, म्हणजे एखाद्या पृष्ठभागातून जाणाऱ्या विद्युत क्षेत्राच्या मापाचंही, तसंच. क्षेत्राला काटकोनात असलेली सपाट चौकट ६० अंशांनी कलली, की अभिवाह निम्मा होतो.

पृष्ठभाग बंद झाला की खरी गंमत. प्रभार बाहेर असेल तर जेवढ्या बलरेषा आत शिरतात तेवढ्याच बाहेर पडतात, बेरीज शून्य. क्षेत्र मात्र शून्य नसतं! विद्यार्थी गोंधळतात ते नेमके इथेच. आता १ नॅनोकुलोम प्रभार आत ठेवा. डबा गोल असो की वेडावाकडा, निर्वातात अभिवाह सुमारे ११३ व्होल्ट-मीटरच. बंद पृष्ठभागातला अभिवाह फक्त आतल्या प्रभारावर ठरतो, हा गाऊसचा नियम मला फार देखणा वाटतो. प्रभार घनाच्या मधोमध असेल, तर प्रत्येक बाजूच्या वाट्याला येतो सहावा हिस्सा.