अननसाचा डबा

परवा नात पुस्तकात बोट घालूनच स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आजोबा, स्कोन म्हणजे काय हो?" ती नऊ वर्षांची आहे. सध्या इनिड ब्लायटन वाचते. त्या पुस्तकांतली मुलं चोर पकडतात हे खरं, पण चोर पकडण्यापेक्षा खाण्यात त्यांचा वेळ अधिक जातो असं माझं जुनं मत आहे.

"बिस्किटासारखं काहीतरी," मी म्हणालो.

"म्हणजे खारीसारखं की नानकटाईसारखं?"

मी अडलो. शब्द पन्नास वर्षं ओळखीचा, पण सांगता येईना. मग म्हटलं, पावासारखं जाडसर आणि नानकटाईसारखं भुसभुशीत, मधोमध फोडून साय आणि जॅम लावून खायचं. आधी साय की आधी जॅम यावरून तिकडे डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांत वाद आहे. डेव्हनवाले साय आधी लावतात, कॉर्नवॉलवाले जॅम. नातीला हा वाद फार आवडला. पण तेवढ्यात सुनेनं मोबाइलवर स्कोनचं चित्र काढून तिच्यापुढे धरलं. "हो का," म्हणून नात परत गेली. प्रश्न मिटला. मला मात्र उगीच चुटपुट लागली.

आमच्याकडे हे प्रश्न इतक्या लवकर मिटत नसत. १९७३ साली मी आठवीत होतो. अण्णा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी रद्दीवाल्याकडून मुखपृष्ठ फाटलेलं 'थ्री मेन इन अ बोट' आणलं. जेरोम के. जेरोम या लेखकाचं हे १८८९ सालचं पुस्तक. तीन मित्र आणि एक कुत्रा थेम्स नदीतून होडीनं जातात, एवढीच गोष्ट. रात्री जेवणं झाली की आम्ही एक पान वाचायचो. अण्णांचा नियम असा की, अडलेल्या शब्दासाठी लगेच कोश उघडायचा नाही. आधी अंदाज करायचा, तो वहीत लिहायचा, आणि रविवारी सकाळी सगळे शब्द एकदम कोशात बघायचे. वहीला तीन रकाने: शब्द, अंदाज, कोश.

ती वही माझ्याकडे अजून आहे. खाण्याचे शब्दच तिच्यात जास्त, कारण तेच अडायचे. झाडं, नद्या, पाऊस यांचा अंदाज येतो. न पाहिलेल्या पदार्थाचा कसा येणार? 'पुडिंग' या शब्दापुढे माझा अंदाज आहे 'शिरा'. तो सपशेल चुकला असंही म्हणवत नाही. इंग्रज माणूस जेवणानंतरच्या कुठल्याही गोडाला पुडिंग म्हणतो, आणि ब्लॅक पुडिंग म्हणजे रक्त घालून केलेलं सॉसेज असतं हे मला पुष्कळ पुढे कळलं. 'जिंजर बिअर' हा शब्द मी ग्रंथालयातल्या ब्लायटनमधून आणला, तेव्हा आईनं ते पुस्तक दोन दिवस फळीवर ठेवून दिलं होतं. शाळकरी पोरं बिअर पितात म्हणजे काय! आलं, साखर आणि यीस्ट आंबवून केलेलं ते फसफसणारं सरबत असतं आणि त्यात मद्यार्क नावालाच, हे सांगायला आमच्यात कुणी नव्हतं.

'ट्रीकल'ला कोशानं 'काकवी' म्हटलं. तो रविवार माझ्या चांगला लक्षात आहे. काकवी म्हणजे आमच्या घरचीच! थंडीत गुऱ्हाळं सुरू झाली की चुलत्यांच्या मळ्यातून किटलीभर यायची आणि भाकरीशी खाल्ली जायची. 'अ‍ॅलिस'मध्ये ट्रीकलची विहीर आहे. ती वाचताना मला कुठलीच अडचण आली नाही. खरं तर ट्रीकल ही साखर कारखान्यातली मागे राहणारी काळपट, किंचित कडवट चीज, आणि काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा दाट रस. सख्ख्या नव्हेत, चुलत बहिणी. पण शब्दाला चव मिळाली ती कायमची.

सगळ्यात फसवं निघालं ते 'मस्टर्ड'. होडीतले तिघं थंड मांस खायला बसतात आणि मस्टर्ड आणलेलं नाही हे लक्षात येताच जगावर रुसतात. कोश म्हणाला, मोहरी. बरोबरच होतं, पण आम्हांला काही उमजेना. मोहरी नाही म्हणून इतकं दुःख? "फोडणी राहिली असेल," अण्णा म्हणाले आणि तसंच वहीत लिहिलं.

क्रियापदं आली की आई कामाला यायची. तिला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण अण्णा तोंडानं करून दाखवायचे आणि ती भाकरी थापताथापता शब्द द्यायची. 'स्लर्प'ला भुरके मारणं, 'गॉबल'ला बकाबका खाणं. 'निबल'ला कोशात 'कुरतडणे' होतं. आई म्हणाली, "कुरतडतो तो उंदीर. माणूस चिमणीसारखं खातो." वहीत चिमणीच आहे.

पुस्तकातून आलेलं इंग्रजी दगाही देतं. बँकेत अधिकारी झाल्यावर एकदा एका समारंभाचं छापील निमंत्रण आलं: 'हाय टी'. मी वाचलेला माणूस. इंग्लंडात हाय टी म्हणजे कष्टकऱ्यांचं संध्याकाळचं मांसअंड्यांसकट भरपेट जेवण, हे मला पक्कं ठाऊक. घरी सांगितलं, रात्रीचा स्वयंपाक नको. मिळाले दोन सामोसे, वेफर आणि एक पेढा. त्या रात्री आम्ही दूधपोहे खाल्ले. असो.

थ्री मेनमधला आमचा लाडका प्रसंग अननसाच्या डब्याचा. तिघांना अननस हवा आणि डबा उघडण्याचं हत्यार घरी विसरलेलं. चाकू, कात्री, होडीचा आकडा, शेवटी दगड आणि डोलकाठी, सगळं होतं, माणसं जखमी होतात, डबा मात्र उघडत नाही आणि शेवटी नदीत फेकला जातो. अण्णा हे पान वाचताना डोळे पुसायचे. पण डब्यातला अननस आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता.

१९८३ साली मी मुंबईला बँकेत लागलो. पहिल्या दिवाळीला घरी जाताना क्रॉफर्ड मार्केटातून एक डबा घेतला. अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "आणि उघडायचा कशानं?"

मी खरोखरच विसरलो होतो. अण्णा उठले, कपाटातून पुस्तक काढून आणलं आणि ते पान उघडून डब्याशेजारी ठेवलं. मग आम्ही जे हसलो! आईनं विळी द्यायला साफ नकार दिला. शेवटी शेजारच्या सायकलवाल्याकडून हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर आणला. पहिल्याच भोकातून पाक अण्णांच्या धोतरावर उडाला. चकत्या निघाल्या त्या वेड्यावाकड्या. अण्णांनी एक खाल्ली, जरा वेळ चघळली. "ह्याच्यासाठी एवढे रडत होते होय ते?"

मग त्यांनी वही मागितली आणि पट्टीनं चौथा रकाना आखला. वर लिहिलं, 'चव'. अननसापुढे लिहिलं, 'पाक जास्त'. काकवीपुढे आईनं सांगितलेलं काहीतरी लिहिलं, ते आता पुसट झालंय. बाकी रकाना मोकळाच राहिला. १९९१ साली अण्णा गेले.

२०११ मध्ये पुतण्याकडे लीड्सला गेलो असताना सँडविचमध्ये पहिल्यांदा इंग्लिश मस्टर्ड खाल्लं. मोहरीची पूड पाण्यात कालवलेला तो पिवळा जाळ नाकातून थेट डोक्यात गेला, डोळ्यांतून पाणी आलं. फोडणी नव्हे अण्णा, चटणी! परत आल्यावर वही काढली, पण मस्टर्डपुढच्या रकान्यात काही लिहिलं नाही. त्या रकान्यात अक्षर त्यांचं आहे.

काल ही वही नातीच्या हाती दिली. पालथी पडून बराच वेळ ती वाचत होती. मग मान वर करून म्हणाली, "आजोबा, ट्रीकल कळलं. काकवी म्हणजे काय?"

सून मोबाइल घ्यायला वळली. मी हातानंच तिला थांबवलं आणि नातीला म्हटलं, "आधी अंदाज सांग."