वाहन चालविणे केव्हा थांबवावे?

रुग्णांच्या आप्तेष्टांकडून वारंवार विचारल्या जाणाऱ्या एखाद्या प्रश्नाचा परामर्श या पानावर घेण्याची आपली प्रथा आहे. यंदाचा प्रश्न औषधोपचाराचा नाही. पक्षाघात, मधुमेह अथवा कंपवाताच्या रुग्णास घरी नेताना मुले कार्यालयात येऊन दबक्या आवाजात विचारतात, "बाबांना आता गाडी चालवू द्यावी का?" हा प्रश्न बाबांच्या पाठीमागे विचारला जातो आणि मग एके दिवशी किल्ली लपविली जाते. घरातील अबोल्याचा प्रारंभ बहुधा तेथूनच होतो.

कायदा या बाबतीत मर्यादित साहाय्य करतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६ अन्वये आजार अथवा अपंगत्वाच्या कारणास्तव परवाना रद्द करण्याचा किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र मागण्याचा अधिकार परवाना प्राधिकाऱ्यास आहे. तथापि घरच्यांनी कळविल्याविना त्यास रुग्णाची स्थिती समजावी कशी? सन २०१९ च्या दुरुस्तीनुसार पंचावन्न वर्षांवरील व्यक्तीच्या परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. ठेवपावतीवरील मुदतीप्रमाणे परवान्यावरील तारखेवर विसंबणारे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा, हिशेबाचा माणूस आहे. परंतु पाच वर्षांत शरीराच्या जमाखर्चात किती उलथापालथ होते, हे रुग्णालयात रोजच दिसते.

म्हणून वयापेक्षा शरीराची कामे पाहावीत, असे आमचे तज्ज्ञ सांगतात. मधुमेह जुना झाला की तळपायाची संवेदना मंदावते. पायातील चप्पल निसटूनही न कळणाऱ्या माणसास आपला पाय ब्रेकवर आहे की अ‍ॅक्सिलरेटरवर, हे खाली पाहिल्याविना समजत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. पाय उचलण्यास केवळ अर्धा सेकंद अधिक लागला, तरी ७ मीटर अंतर कापले जाते. म्हणजे एकामागे एक उभ्या असलेल्या दोन रिक्षांहून अधिक.

पक्षाघातातील हाताची दुर्बलता सर्वांस दिसते. दृष्टीची एक बाजू गेलेली मात्र कित्येकदा खुद्द रुग्णासही उमगत नाही. ताटातील एका बाजूचे अन्न तसेच राहणे, चौकटीस खांदा घासणे, गाडीच्या एकाच अंगास नवे ओरखडे उठणे या खुणांकडे घरच्यांनी लक्ष द्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अकस्मात उतरत असेल, तर प्रश्न अधिक निकडीचा ठरतो.

मोटार बंद करून स्कूटर चालू ठेवण्याची तडजोड अनेक घरांत होते. ती आम्हांस मुळीच पटत नाही. सिग्नलला थांबताना स्कूटरचा सारा भार पायावर येतो, तोल सांभाळावा लागतो आणि कंप असलेल्या हातातच वेगाचे नियंत्रण असते.

अर्थात प्रत्येक अपंगत्वात वाहन कायमचे सोडावे लागते असे नाही. केवळ डावा पाय अधू असल्यास क्लचविरहित मोटार चालविता येऊ शकते. वाहनात तसे फेरबदल करावयाचे असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयाची अनुमती व नोंद आवश्यक असते. प्लास्टर किंवा सांधेरोपणानंतरची मनाई तात्पुरती असते. काहींना प्रथम रात्रीचे वाहन सोडणे, पुढे महामार्ग टाळणे, असे टप्प्याटप्प्याने थांबता येते. निर्णय रुग्णाच्या समक्ष व्हावा. त्यापूर्वी चिकित्सक, नेत्रतज्ज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञ यांची तपासणी करून घ्यावी. त्यांनी हरकत घेतली नाही, तर मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या दुहेरी ब्रेकच्या गाडीत प्रशिक्षकासह चाचणी घ्यावी. त्रयस्थाचा शब्द मुलाच्या शब्दापेक्षा कमी बोचतो.

थांबल्यानंतर काय, हा प्रश्न मात्र बहुतेक कुटुंबे विचारीतच नाहीत. गाडी बंद झाली की भौतिकोपचाराच्या फेऱ्या चुकू लागतात, कारण दर वेळी मुलाकडे रिक्षाचे पैसे मागणे वडिलांच्या जिवावर येते. येथे हिशेबाचा उपयोग होतो. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग व टायर यांवर वर्षभरात झालेला खर्च बारा महिन्यांत विभागावा आणि ती रक्कम दरमहा वडिलांच्या हाती, त्यांच्या नावे ठेवावी. मुलांना हा आकडा अनेकदा आश्चर्यचकित करतो.

राज्य परिवहनाच्या बसमध्ये ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना निम्मे भाडे आहे व ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. परंतु अर्धांग लुळे पडलेल्या रुग्णास एसटीची पायरीच चढता येत नाही. अशा रुग्णांना उपचारासाठी घरून आणण्याचा व परत पोहोचविण्याचा खर्च रुग्णालय 'रुग्णप्रवास साहाय्य' या खात्यातून करते. या खात्यासाठी देणगी देताना पावतीवर तसा स्पष्ट उल्लेख करवून घ्यावा, म्हणजे ती रक्कम अन्य कामी वळविली जात नाही.