बिनव्याजी उचलीचं व्याज

रायगडच्या किनारपट्टीत वीटभट्टीच्या उचलीचा, म्हणजे मजुरांना दिलेल्या आगाऊ रकमेचा, विषय निघाला की हमखास ऐकू येतं: उचलीवर व्याज नसतं, मग ती सावकारी कशी? व्याज नसतं हे खरं, पण ते रकमेवर लावायची गरजच नसते. भातलावणी संपली की कातकरीवाडीत काम उरत नाही. गणपतीच्या सुमारास घरात धान्य नसतं आणि मुकादम दारात असतो. दिवाळीनंतर जोडपं पोरांसह भट्टीवर जातं. आठवड्याची खर्ची उचलीत मिळवली जाते आणि हिशेब होतो पावसाच्या तोंडावर. विटांचा दर मात्र उचल घेतानाच, म्हणजे पोटात भूक असतानाच ठरलेला. तो जितका कमी, तितकं व्याज वसूल झालं. वर बाकी निघाली तर पुढचा हंगामही बांधला गेला.

‘राजीखुशीनं घेतात’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा अंगठा राजीखुशीनं दिला का हे विचारत नाही. आगाऊ रकमेपायी दुसरीकडे जायचं, बाजारभावानं श्रम विकायचं स्वातंत्र्य गेलं का, हे विचारतो. किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेलं काम ही वेठच, असं सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये सांगितलं.

लग्न आणि दारू यांपायी गरीब कर्जात बुडतात, हा आणखी एक लाडका समज. असा खर्च होतो, नाही असं नाही; पण कर्ज पावसाळ्यातच का होतं, याचं उत्तर त्यात नाही. कोळीवाड्यात बघा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. जाळी, होडीची डागडुजी, मग डिझेल, बर्फ. त्यासाठी पैसे देणारा व्यापारीच मासळी घेतो, आणि भावही तोच सांगतो. 2018-19 पासून मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड मिळू लागलं. चांगलंच झालं, पण कार्डानं कर्ज मिळतं, दुसरं गिऱ्हाईक मिळत नाही. शेतीतलं उदाहरणही हेच सांगतं: अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी 1933 ते 1939 जमिनी पडीक ठेवल्या, त्या स्वस्त कर्जासाठी नव्हे. भांडण खोताला, म्हणजे जमीनदाराला, द्यायच्या भाताच्या वाट्याचं होतं.

मग उचलीवर बंदीच घाला, असं कुणी म्हणेल. पण श्रावण-भाद्रपदात चूल कशावर पेटायची? आदिवासींसाठी राज्याची खावटी योजना 1978 मध्ये सुरू झाली, ती याच महिन्यांसाठी. 2020 मध्ये एका वर्षापुरतं कुटुंबाला 4000 रुपये अनुदान ठरलं, निम्मं वस्तूंत. रक्कम तुटपुंजीच, पण खरा प्रश्न तारखेचा आहे. खावटी गणपतीआधी हातात पडली, तर मुकादमाशी दराची घासाघीस करता येते. दिवाळीत पडली, तर अंगठा आधीच उमटलेला असतो.