वेशीवरचा दगड

इंग्लंडमधील खेडे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते: करड्या दगडांची घरे, दारांवर चढलेले गुलाब, चर्चचा मनोरा आणि टेकडीवर चरणारी मेंढरे. डर्बीशायर परगण्यातील 'ईम' हे गाव या चित्रात अगदी चपखल बसते. पण तेथील मुख्य रस्त्याने जाताना चर्चजवळच्या घरांपुढे माझे पाऊल थबकले. दारापुढच्या पाट्यांवर राहणाऱ्यांची नावे नव्हती. त्या घरांतून प्लेगने नेलेल्या माणसांची होती.

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले होते. त्या वर्षी तेथून ईममधील एका शिंप्याकडे कापडाचे गाठोडे आले. दमट कापड वाळवायला काढणारा त्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स सप्टेंबरमध्ये दगावला. मग मरणाने घरे मोजायलाच सुरुवात केली.

थंडीत साथ ओसरली आणि उन्हाळ्यात पुन्हा उसळली. जून १६६६ मध्ये तरुण धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन यांनी गावापुढे विचार मांडला, की कोणी वेस ओलांडू नये. आपले मरण शेजारच्या गावांत नेऊ नये. मॉम्पेसन गावात नवखे. लोकांचा जीव त्यांच्या आधीच्या थॉमस स्टॅन्ली यांच्यावर होता आणि धर्ममतांत दोघांचे जमणारे नव्हते. पण संकटात मतभेद बाजूला ठेवून दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि गावाने मान तुकवली. प्रार्थना चर्चऐवजी 'ककलेट डेल्फ' नावाच्या मोकळ्या घळीत, अंतर राखून होऊ लागली. ज्याने त्याने आपले मृत आपल्याच शेतात वा परसात पुरायचे, असेही ठरले.

पण नुसत्या निर्धाराने पोट भरत नाही. स्टोनी मिडलटनच्या वाटेवर एक मोठा धोंडा आहे. त्यावर सहा खळगे आहेत. मी त्यांत बोट घालून पाहिले. एखादे नाणे सहज मावेल एवढेच ते. ईमचे लोक त्यांत व्हिनेगर ओतून पैसे ठेवीत आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून पैसे उचलून नेत. चॅट्सवर्थचे डेव्हनशायरचे अर्लही अन्न आणि औषधे धाडीत. आतल्यांनी बाहेर पडायचे नाही आणि बाहेरच्यांनी आतल्यांना उपाशी ठेवायचे नाही, असा हा दुहेरी करार होता. एकाही बाजूने शब्द मोडला असता, तर तो कोसळला असता!

त्याची किंमत मोठी होती. गावाबाहेर रायली येथे शेतात दगडी कुंपणाआड काही थडगी आहेत. एलिझाबेथ हॅन्कॉक या बाईने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत आपला नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी येथे पुरली. मॉम्पेसन यांनी मुलांना आधीच बाहेर धाडले होते. पत्नी कॅथरिन मात्र नवऱ्याजवळच राहिली आणि त्याच महिन्यात गेली. चर्चच्या आवारात तिचे थडगे आहे. नोव्हेंबरात साथ सरली, तेव्हा गावातील सुमारे २६० माणसे कायमची गेली होती.

१८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले, तेव्हा लोक किती पेटले, हे आपण जाणतोच. म्हणून ईमची कथा मला अधिक मोलाची वाटते. वेशीवर बंदूकधारी पहारा बसवून ही नाकेबंदी झाली नव्हती. समजावणारी माणसे आपलीच होती, त्यांनी स्वतःला वगळले नव्हते आणि शेजारी भाकरी घेऊन उभा होता. साथीच्या काळात लोकांकडून त्याग मागणाऱ्याने या तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

आज ईम पुन्हा गजबजलेले आहे. दर ऑगस्टमध्ये तेथील विहिरी सजवतात. फळ्यांवर ओली माती थापून तीत फुलांच्या पाकळ्या दाबतात. पाहताना आपल्या रांगोळीची आठवण यावी! महिन्याच्या अखेरच्या रविवारी गावकरी ककलेट डेल्फमध्ये मृतांसाठी प्रार्थना करतात. शेजारच्या गावांत ती साथ पसरली नाही. तिथे ज्यांचे वंश पुढे वाढले, त्यांच्यावरही त्या २६० जणांचे ऋण आहे.