धारूरला पहिल्यांदा येताय?

रील्स बघून दक्षिण कोरियातल्या सोलच्या जुन्या तटबंदीवर फिरायची स्वप्नं पाहणाऱ्यांनो, आपल्या बीड जिल्ह्यातही एक तटबंदी उभी आहे, धारूरच्या किल्ल्याची. तिकडची १३९६ ची, इकडची १५६७ ची. आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधलेली.

एसटीची पाटी बघताना 'किल्लेधारूर' शोधा. नकाशांत दोन्ही नावं सापडतात. रेल्वेने येत असाल तर परळी वैजनाथला उतरून पुढे रस्त्याने. माजलगाव-तेलगावच्या बाजूने आलात तर धारूरचा घाट लागतो. वळणं बरीच आहेत, गाडी लागणाऱ्यांनी आधी पोटभर जेवू नये (मी एकदा जेवलो होतो, पुढचं विचारू नका).

किल्ला गावाला लागूनच आहे. तीन बाजूंना दरी, गावाच्या बाजूला खंदक. बालाघाटच्या डोंगरधारेचा असा उपयोग करून घेणाऱ्याला मानलंच पाहिजे. मुघल काळात किल्ल्याचं नाव फतेहाबाद होतं. सकाळी लवकर या, उन्हाळ्यात तर नऊच्या आत परत फिरा. पाणी आणि टोपी सोबत हवीच. पायात बूट घाला, चप्पल नको: गवतात दगड दिसत नाहीत. तटाच्या ढासळत्या कडेवर सेल्फी काढायला जाऊ नका. किल्ल्यातल्या पाण्याच्या टाक्यांची गोष्ट मात्र एखाद्या म्हाताऱ्या बाबांना विचारा, पाटीपेक्षा जास्त कळेल.

पावसाळ्यानंतर आलात तर सीताफळं घ्या. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पिकलेली पिशवीत कोंबू नका, घरी लगदाच पोचेल.