जादूगार मुली आणि कल्याणचा पडदा

आसनगावहून निघालेल्या लोकलला कल्याण गाठायला साधारण पाऊण तास लागतो. शहापूरच्या तरुणाईची महाविद्यालये, शिकवण्या, खरेदी आणि सिनेमा यांची वाट बहुधा याच गाडीतून जाते. मुरबाडला तर रेल्वेच नाही. कल्याण-मुरबाड लोहमार्गाची चर्चा ऐकत एक पिढी म्हातारी झाली; प्रवासी मात्र अजूनही एसटीच्या खिडकीशीच बसलेला आहे. जपानी ॲनिमेशनपट, म्हणजेच ‘ॲनिमे’, मोठ्या पडद्यावर पाहायचा असेल तर या दोन्ही तालुक्यांतील प्रेक्षकाला कल्याण नाही तर ठाणे गाठावे लागते. त्यातही तो ‘जादूगार मुलीं’चा चित्रपट असेल, तर कल्याणला जाऊनही तो दिसेलच याची शाश्वती नसते.

‘जादूगार मुलगी’ हा जपानी ॲनिमेशनमधील एक स्वतंत्र आणि जुना प्रकार आहे. जपानी भाषेत त्याला ‘माहो शोजो’ म्हणतात. १९६६ साली दूरचित्रवाणीवर आलेली ‘माहोत्सुकाई सॅली’ ही या प्रकारातील पहिली मालिका मानली जाते. सॅली ही जादूच्या राज्यातून पृथ्वीवर आलेली राजकन्या होती. पुढे १९६९ मध्ये ‘हिमित्सु नो अक्को-चान’ आली आणि जादूचा आरसा एका साध्यासुध्या शाळकरी मुलीच्या हाती पडला. बदल लहानसा वाटतो, पण या प्रकाराचे सारे मर्म त्यातच आहे.

मराठी वाचकाला हे समजायला ‘सोनपरी’ची आठवण पुरेशी आहे. २००० ते २००४ या काळात स्टार प्लसवर गाजलेल्या या मालिकेत मृणाल कुलकर्णी परीच्या भूमिकेत होत्या आणि तन्वी हेगडे ही फ्रूटीच्या. फ्रूटीवर संकट आले की ती परीला बोलावी, परी प्रकट होई आणि प्रश्न सुटे. जादू परीची, मुलीने फक्त हाक मारायची. आपल्याकडच्या बहुतेक परीकथांची रीत हीच. जपानी जादूगार मुलीला मात्र हाक मारायला कोणी नसते. शक्ती तिची, लढाई तिची आणि चुकल्यास परिणामही तिचेच.

१९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘सेलर मून’ने हा प्रकार जगभर नेला. नाओको ताकेउची या चित्रकथाकार स्त्रीने निर्माण केलेली उसागी ही नायिका आळशी, रडवी, परीक्षेत नापास होणारी आणि शाळेला रोज उशीर करणारी आहे. अशी मुलगी आपल्या मैत्रिणींची फौज घेऊन जग वाचवते, हे त्या वेळच्या प्रेक्षकांना नवे होते. २००४ पासून सुरू झालेल्या ‘प्रीक्युअर’ मालिकेने एक पाऊल पुढे टाकले. तिचे दिग्दर्शक दाइसुके निशिओ हे ‘ड्रॅगन बॉल’सारख्या हाणामारीच्या मालिकेतून आलेले. त्यांच्या मुली कांडी फिरवत बसत नाहीत. त्या मुठी आवळून, लाथा झाडून लढतात. मुलींनाही धुडगूस घालावासा वाटतो, हा साधा विचार त्यामागे होता. पालकांना तो कितपत रुचला हा भाग वेगळा. मुलींना तो रुचला, म्हणूनच २० वर्षांनंतरही ही मालिका नव्या-नव्या रूपांत चालू राहिली.

‘प्रीक्युअर’चे चित्रपट जपानमध्ये जवळपास दरवर्षी येतात आणि ते कसे पाहिले जातात हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. २००७ पासून चित्रपटगृहात शिरणाऱ्या लहान मुलांच्या हाती एक छोटा दिवा देण्याची प्रथा पडली. नायिका हरू लागल्या की पडद्यावरून आवाहन होते आणि अंधारात बसलेली मुले आपापले दिवे हलवून त्यांना बळ देतात. कीर्तनात टाळ्यांचा ठेका धरणारा श्रोता जसा कीर्तनाचाच भाग होतो, तसेच काहीसे. हा अनुभव पाच इंचांच्या मोबाइलवर येणे शक्य नाही. या प्रकारातील चित्रपट ‘पडद्यावरच’ पाहण्याचा चाहत्यांचा आग्रह निव्वळ हौसेपोटी नसतो, तो असा.

मोठ्या वयाच्या चाहत्यांचा जीव मात्र अडकलेला असतो तो ‘माडोका मॅजिका’त. २०११ च्या या मालिकेत एक गोंडस प्राणी मुलींकडे येतो आणि करार मांडतो: एक इच्छा पूर्ण करून देतो, बदल्यात जादूगार मुलगी हो. कराराची खरी किंमत सही झाल्यानंतर कळते. लेखक गेन उरोबुची आणि दिग्दर्शक अकियुकी शिन्बो यांनी या गोड प्रकाराची काळी बाजू उघडी केली. शेवटचे भाग ११ मार्चच्या भूकंपामुळे लांबले आणि एप्रिलमध्ये दाखवले गेले. २०१३ च्या ‘रिबेलियन’ या चित्रपटाने जपानमध्ये दोन अब्ज येनहून अधिक गल्ला जमवला आणि कथा अशा वळणावर सोडली की प्रेक्षक अस्वस्थच राहिले. पुढच्या ‘वालपुर्गिसनाख्त रायझिंग’ची घोषणा व्हायला २०२१ उजाडले. आधी २०२४ चा हिवाळा सांगण्यात आला, तो टळला आणि तारीख वारंवार पुढे सरकत गेली. दशकाहून अधिक काळ एखाद्या कथेच्या पुढच्या पानाची वाट पाहणे म्हणजे काय, हे दिवाळी अंकातील क्रमशः कादंबरीची वाट पाहिलेल्या पिढीला वेगळे सांगायला नको.

जपानमधील प्रतीक्षा संपली तरी भारतातील प्रतीक्षा संपतेच असे नाही. ‘सेलर मून इटर्नल’चे दोन भाग जपानमध्ये २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत चित्रपटगृहांत लागले, जपानबाहेरच्या प्रेक्षकांना ते जूनमध्ये नेटफ्लिक्सवर मिळाले. ‘सेलर मून कॉसमॉस’ जून २०२३ मध्ये तेथे प्रदर्शित झाला आणि नेटफ्लिक्सवर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. म्हणजे घरबसल्या पाहण्यासाठीही १४ महिने, आणि पाहायचा तो पडद्यावर नव्हेच.

भारतात ॲनिमेपटांना पडदा मिळतच नाही, असे नाही. २०१९ मध्ये मकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ चाहत्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवल्यानंतर येथे प्रदर्शित झाला. २०२३ मध्ये त्यांचाच ‘सुझुमे’ आला. तिची नायिका शाळकरी मुलगी असली तरी ती रूढ अर्थाने जादूगार मुलगी नव्हे, आणि तिकीट खपले ते प्रामुख्याने दिग्दर्शकाच्या नावावर. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डेमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल’ हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही आला, पहाटेचे खेळ लागले आणि येथील ॲनिमेपटांच्या कमाईचे विक्रम मोडले. मराठी त्या यादीत नव्हती, हे जाता जाता नोंदवायला हवे. तलवारबाजीच्या, मुलग्यांसाठी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कथांना वितरक मिळतो. मुलींच्या कथांना मोबाइलचा रस्ता दाखवला जातो. वितरकाचा हिशेब त्याच्या परीने चूक नाही. तो मागणी मोजतो, पण ती मोजली जाते महानगरांतील तिकीट खिडक्यांवर. आसनगावच्या फलाटावर किंवा मुरबाडच्या एसटी स्थानकावर उभी असलेली मुलगी त्या मोजणीत येतच नाही. तानसा आणि भातसा धरणांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते आणि तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पडद्यांचा हिशेब तेवढा जीवघेणा नाही, पण त्याची दिशा ओळखीची आहे.

पूर्वी हे उलट होते. महाराष्ट्रातील जत्रांमध्ये तंबूतला सिनेमा गावापाशी येई. मालमोटारीतून प्रक्षेपक उतरे, कनात उभी राही आणि प्रेक्षक चालत येई. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटाने या फिरत्या चित्रपटगृहांचे अखेरचे दिवस टिपले आहेत. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची जत्रा अजूनही गुरांच्या बाजारासाठी माणसे खेचते. सिनेमासाठी मात्र आता माणसानेच पडद्याकडे जायचे आहे.

हा प्रवास मुलीने करायचा म्हटला की त्याचे गणित आणखी अवघड होते. मर्यादित खेळांचे परभाषिक चित्रपट पुष्कळदा एक तर भल्या सकाळी लागतात, नाही तर रात्री उशिरा. रात्रीचा खेळ सुटेपर्यंत कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या विरळ झालेल्या असतात. आसनगाव स्थानकापासून शहापूर गाव पुन्हा रिक्षाच्या अंतरावर. मुरबाडच्या प्रेक्षकाने तर उत्तररंग सुरू होण्याआधीच शेवटच्या एसटीची वेळ मनात धरून बसायचे.